ओकहॅमला दोनच फलाट

ओकहॅम, रटलंड
नोव्हेंबर २०२५

चि. भाचीस,

तुझा फोन झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझ्या बापाचा आला. आवाज पडलेला. म्हणाला, "ताई, पोरीची नर्सची नोकरी लंडनला असती तर चार लोकांना सांगता आलं असतं. हे रटलंड काय आहे? नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जातं." मी म्हटलं, भाऊ, म्हणूनच तर एकोणपन्नास वर्षं मी कुणाला सापडले नाही. तो हसला नाही. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहे, पण लेकीच्या बाबतीत माझ्याहून म्हातारा झालाय.

तू तीन गोष्टी विचारल्या होत्यास. थंडी किती, आपले लोक किती, आणि करमेल का. पहिल्या दोन फोनवरच सांगता आल्या असत्या. तिसरीसाठी हे पत्र.

थंडी सोसते. हिवाळ्यात काही रात्री पारा शून्याखाली जातो, बर्फ एखाद्या वर्षी पडतो, एखाद्या वर्षी तोंडही दाखवत नाही. सोसत नाही तो अंधार. डिसेंबरात चार वाजायच्या आत दिवस संपतो, आणि खेड्यांत रस्त्यावर दिवेही नसतात. पुण्यामुंबईच्या मुली पहिल्या हिवाळ्यात रडतात. तू अमळनेरची, लोडशेडिंगमध्ये दहावीचा अभ्यास केलेली. एक चांगली बॅटरी घे आणि चालायला लाग. पावसाचं म्हणशील तर, सगळ्यांना वाटतं इंग्लंड म्हणजे धो धो. वर्षाचा पाऊस मोजला तर या भागातला पाऊस आपल्या जळगावपेक्षा जास्त भरत नाही. फक्त आपल्याकडे तो चार महिन्यांत उरकतो, आणि इथे काटकसरी सासूनं तूप वाढावं तसा बारा महिने थेंब थेंब पडत राहतो. छत्री इथे कामाची नाही, वारा उलटी करतो. टोपीचा कोट घे. गमबूट इथेच मिळतील, आणि ते पहिल्या पगाराच्या आधी घे.

आपले लोक? रटलंडात सगळे मिळून एक्केचाळीस हजारांच्या आसपास माणसं राहतात. आपल्या अमळनेर शहरात याच्या दुपटीहून जास्त आहेत. त्यातली शंभरात नव्वदाहून अधिक गोरी. शहरं म्हणावीत अशी दोनच, ओकहॅम आणि अपिंगहॅम, बाकी खेडी. तुझं नर्सिंग होम आहे त्या गावात दुकान एकच असेल, आणि त्यात पोस्टही असेल. इंग्लंडातल्या जुन्या जिल्ह्यांत हा सगळ्यात लहान. उभा-आडवा सतरा-अठरा मैल. सायकलवर सकाळी निघालेला माणूस दुपारच्या चहाला दुसऱ्या टोकाला पोचतो.

आता मी कशी आले ते ऐक. तुझ्या बापानं तुला अर्धंच सांगितलं असणार, तो तेव्हा नऊ वर्षांचा होता.

तुझे काका आधी आले होते. त्या काळी आपल्या डॉक्टरांना इथे नोकरी मिळायची, पण इथल्यांना नको असायची ती. कुणी वृद्धांच्या वॉर्डात, कुणी वेड्यांच्या इस्पितळात, कुणी कोळशाच्या खाणीच्या गावात. ह्यांना खेड्यातला दवाखाना मिळाला. मी ससूनला नर्सिंग करून मागाहून आले, १९७६ च्या जूनअखेर. बॅगेत चार स्वेटर, दोन मफलर. विमानातून उतरले तर सगळे घामाघूम. त्या वर्षी २३ जूनपासून ७ जुलैपर्यंत सलग पंधरा दिवस इंग्लंडात कुठे ना कुठे पारा ३२ अंशांवर चढत होता. लोक गवतावर उघडे पडलेले, वर्तमानपत्रांत दुसरं काही नाही. मी मे महिना अमळनेरात ४४ अंशांत काढून आलेली. ३२ ला आपल्याकडे माणसं लग्नाला जातात!

पण नंतर शेतं पाहिली आणि हसू गेलं. गवत करपून पिवळं, जनावरं पाण्याच्या हौदाभोवती उभी. तो रंग माझ्या ओळखीचा होता. बहात्तरच्या दुष्काळात मी एकोणीस वर्षांची होते. आपल्या मळ्यातली विहीर तळाला गेलेली, आई मिलोच्या लाल भाकरी थापायची आणि त्या तव्यावरच तडकायच्या. वडील, तुझे आजोबा, ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नाही, ते खडी फोडायला गेले होते. म्हणून इथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, वैरण किती दिवसांची आहे? तो माझ्याकडे बघतच राहिला. त्या उन्हाळ्यात त्याला सगळ्यांनी हवेबद्दल विचारलं होतं, वैरणीबद्दल कुणी नाही. पुढे तीस वर्षं तो माणूस मला ओळखत राहिला तो त्या एका प्रश्नावर. (ऑगस्टच्या शेवटी सरकारनं दुष्काळासाठी वेगळा मंत्री नेमला आणि काही दिवसांतच पाऊस सुरू झाला. मंत्री नेमून पाऊस पडत असता तर मराठवाड्याला तोटा नव्हता.)

मला सांगायचंय ते हेच. तू परदेशाला चालली आहेस असं सगळे म्हणतात. तू खेड्याला चालली आहेस. आणि खेडं तुला येतं. लंडनला गेलेल्या मुलीला जे शून्यापासून शिकावं लागतं त्यातलं अर्धं तुला घरून मिळालंय, फक्त विमानात बसताना ते विसरू नकोस. खेड्यात काय होतं? तू कोण, कुणाकडची, कुठल्या घरात उतरलीस, सकाळी किती वाजता दूध आणायला गेलीस, सगळं संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. इथेही तसंच. फरक इतकाच की आपल्याकडे ते तोंडावर विचारतात, इथे विचारत नाहीत. तरी कळतं.

रटलंडच्या माणसाशी बोलताना एक गोष्ट लक्षात ठेव. मी आले तेव्हा हा जिल्हा नव्हताच. १ एप्रिल १९७४ ला सरकारनं तो मोडून लेस्टरशायरला जोडला होता. लहान आहे, परवडत नाही, असं काहीतरी कारण. लोक असे चिडलेले होते की पत्रावर हट्टानं 'रटलंड'च लिहायचे. मला ते ऐकून गंमत वाटली, कारण माझ्या आजेसासूबाई त्याच सुमारास मला पत्र पाठवायच्या त्यावर 'पूर्व खानदेश' असं ठसठशीत लिहिलेलं असायचं. खानदेश हा आख्खा एक जिल्हा होता, धुळ्याला कचेरी. १९०६ ला इंग्रजांनी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. महाराष्ट्र झाल्यावर त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. म्हणजे सरकारी नकाशावरून खानदेश पुसला गेला, तरी आजही शेवभाजीच्या पाटीवर 'खानदेशी'च लिहितात, 'जळगाव जिल्हा पद्धतीची' असं कुणी लिहीत नाही. हे मी दवाखान्यात एका बाईला सांगितलं. तिनं टाळी दिली. इंग्रज बाईनं टाळी दिलेली मी पहिल्यांदा पाहिली. पुढे १९९७ च्या एप्रिलमध्ये त्यांना आपला जिल्हा परत मिळाला. आपल्याकडे त्याच्या पुढच्याच वर्षी धुळ्यातून नंदुरबार निघाला. ते मोडलेला जिल्हा पुन्हा उभा करत होते, आपण वाटण्या करत होतो.

गावाची नावं नीट म्हणायला शीक. लिहिताना ओकहॅम, म्हणताना 'ओकम'. जवळच एक किल्ला आहे, त्याच्या स्पेलिंगवरून तू 'बेल्वॉयर' म्हणशील आणि लोक गालात हसतील, तो 'बीव्हर' आहे. यात काही नवल नाही. आपण तरी जळगावला 'जयगाव' आणि केळीला 'केयी' म्हणतोच की. तुझ्या आयएल्ट्समधल्या सातचा इथे पहिले तीन महिने फारसा उपयोग होणार नाही. परीक्षेतली इंग्रजी म्हणजे पुण्याची मराठी. वॉर्डातल्या आज्या तुला 'मी डक' म्हणतील. बदक म्हणून शिवी दिली असं समजू नकोस, मी समजले होते आणि दोन दिवस फुगून बसले होते. ते आपल्या 'माय वं' सारखं आहे. पुण्यात शिकताना आपली अहिराणी तोंडातून निसटली तर मेसमधल्या मुली हसायच्या. इथे मी फोनवर तुझ्या बापाशी मोठ्यानं 'बरं शे ना?' करते, आणि शेजारी म्हणते, तुझी भाषा ऐकायला छान वाटते.

आता कडू भाग. पहिलं वर्ष माझ्या दारात कुणी आलं नाही. खरंच कुणी नाही. अमळनेरला नवं बिऱ्हाड आलं की दुपारपर्यंत तीन बायका साखर मागायच्या निमित्तानं आत डोकावून जातात. इथे मी खिडकीत बसायचे. लोक जाता जाता 'छान दिवस आहे' म्हणायचे आणि पुढे. मी म्हणायचे, कसला छान, आभाळ भरलंय! हे त्यांचं 'राम राम' आहे हे कळायला मला मार्च उजाडला. राम राम म्हटल्यावर आपण कुठे कुणाला राम दाखव म्हणतो?

दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी दार उघडलं तर पायरीवर घेवड्याच्या शेंगा. चिठ्ठी नाही, काही नाही. मला वाटलं चुकून ठेवल्या. आठवड्यानं तिथेच चार दुधीसारखी फळं, इथे त्यांना मॅरो म्हणतात. मी ह्यांना म्हटलं, कुणीतरी करणी करतंय. ते पोट धरून हसले. मग उमगलं की कुणीतरी आलं होतं. दार न वाजवता आलं होतं, कारण दार वाजवलं की मला काम टाकून चहा करावा लागेल, त्याचा त्रास नको. आपल्याकडे माया दाखवायला आत यावं लागतं, इथे बाहेर थांबावं लागतं. मी दुसऱ्या दिवशी शंकरपाळे डब्यात भरले आणि तीन घरांच्या पायरीवर ठेवून पळत आले. एक डबा धुऊन परत आला, आत सफरचंदं. तेव्हापासून माझा हिशेब कुणाकडे चुकता नाही.

म्हणून सांगते, पहिलं पाऊल तुलाच टाकावं लागेल, आणि ते पायरीपर्यंतच टाकायचं. तिथून पुढे त्यांना येऊ दे. वेळ लागतो. मला तीन वर्षं लागली. रस्त्याच्या कडेला अंड्यांची टोपली आणि शेजारी पैशांचा डबा दिसेल, माणूस कुणी नसतो. अंडी घे, पैसे टाक, मोजून टाक. कुणी बघत नाही असं वाटलं तरी टाक.

अपमान झालेच नाहीत असं नाही. शेजारच्या जिल्ह्यात एके ठिकाणी आम्ही भाड्यानं घर बघायला गेलो. फोनवर होतं, दारात गेल्यावर 'कालच गेलं'. पंधरा दिवसांनी त्याच खिडकीत तीच पाटी. माझ्या मनातून ते आजही गेलेलं नाही, आणि जाऊ देण्याची मला गरजही वाटत नाही. पण त्या एका पाटीवरून मी सगळ्या मुलखाला नापास केलं नाही. तुझ्या बाबतीत काही झालं तर दाबून ठेवू नकोस. लिहून ठेव, मॅट्रनला सांग, आणि मला सांग.

एजंटाचं काय झालं ते तू फोनवर नीट सांगितलं नाहीस, म्हणून इथे लिहिते. धुळ्यातला असो की कोचीचा, नोकरी लावण्यासाठी किंवा स्पॉन्सरशिपच्या सर्टिफिकेटसाठी जो पैसे मागेल त्याला एक रुपया देऊ नकोस. नर्सकडून नोकरीचे पैसे घ्यायचे नाहीत असा इथल्या सरकारचा भरतीचा नियमच आहे. केअर वर्कर म्हणून येणाऱ्या कितीतरी पोरी लाखो रुपयांचं कर्ज डोक्यावर घेऊन आल्या. २०२४ च्या मार्चपासून त्यांना नवरा-मुलं आणता येईनात, आणि २०२५ च्या जुलैत ती बाहेरून भरती बंदच झाली. तू रजिस्टर्ड नर्स म्हणून येतेस, तुझी वाट वेगळी आहे. पण कागदावर हुद्दा नर्सचाच लिहिलाय ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाच. इथे आल्यावर ओएससीई परीक्षा पास होईपर्यंत तुला पूर्ण नर्सचं काम करता येणार नाही, त्या महिन्यांत पगार किती, तेही आधी लेखी घे. आणखी एक. गाडी शिकून ये. आपलं लायसन्स इथे वर्षभर चालतं, मग लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन परीक्षा. बस खेड्यात मोजक्या वेळी येते, रविवारी बहुतेक नाहीच. गाडी नसेल तर रात्रपाळीनंतर तू अडकून पडशील. इथेही डावीकडूनच चालवतात, फक्त हॉर्न वाजवत नाहीत. माझ्या पहिल्या पाच वर्षांत मी एकदाच वाजवला, आणि तो मेंढरांसाठी.

नर्सिंग होमबद्दल तू एक वाक्य बोललीस ते मला टोचलं. "आई-बापाला असं टाकून देतात कसे गं?" येण्याआधी हे वाक्य तिकडेच ठेवून ये. काहींनी टाकलंय, खरं आहे. बहुतेकांना मुलं रविवारी भेटायला येतात, आणि मुलगीच सत्तरीची असते. ज्या आजीला तू अंघोळ घालशील तिनं लहानपणी रेशनच्या रांगा बघितल्यात, इथलं रेशनिंग १९५४ ला संपलं. तिच्या खणात बिस्किटं लपवलेली सापडतील. रागावू नकोस, तुझ्या आजीच्या गादीखाली गुळाचे खडे सापडायचे ते आठव. कुणी कॉट्समोरच्या हवाई तळावर नोकरी केलेला असेल, कुणी आयुष्यभर गाई पाळल्या असतील. त्यांना औषध देताना मागचं विचार. बाराशे-पंधराशे म्हाताऱ्यांना मी शेवटचं पाणी दिलं असेल. कुणाचाही रंग आठवत नाही म्हटलं तर खोटं होईल, पण गोष्टी जास्त आठवतात.

हेही तुला कुणी सांगणार नाही. इथे मेल्यावर घाई नसते. तुझे काका गेले तेव्हा अंत्यविधीला अकरा दिवस थांबावं लागलं. आपल्याकडे तोवर दहावं उरकतं. मी अकरा दिवस रिकाम्या घरात काय करणार होते कुणास ठाऊक. पण पायरीवर रोज काहीतरी असायचं. सूप, ब्रेड, एकदा नुसतीच फुलं. आणि त्या दिवशी गावातले सगळे काळे कोट घालून आले, तो वैरणवाला म्हाताराही, दोन काठ्या टेकत.

इथल्या वाटांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, माझा सगळ्यात लाडका विषय. शेतातून पायवाटा जातात. दुसऱ्याच्या मालकीच्या शेतातून, गव्हाच्या मधून, गाईंच्या कळपातून, आणि त्यावरून चालायचा तुझा हक्क असतो. खांबावर पिवळा बाण दिसेल. १९४९ च्या कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला अशा वाटांचा नकाशा करायला लावला, त्यावर वाट आली की ती मालकाला अडवता येत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा छातीत धडधडत होतं, कुणी काठी घेऊन येईल म्हणून. तुझ्या आजोबांनी मळ्याच्या वाटेसाठी मामलेदार कचेरीत किती खेटे घातले तुला माहीत आहे. आपल्याकडेही कायदा आहे, मामलेदार कोर्टाचा १९०६ चा, कलम पाच. ज्या साली खानदेश तोडला त्याच सालचा. वाट कागदावर मोकळी झाली आणि बांधावर बोरीच्या काट्या तशाच राहिल्या. इथे फाटक उघडायचं, मागे लावून घ्यायचं, आणि चालायचं. फाटक लावायला विसरलीस तर मात्र गाव तुला वर्षभर विसरणार नाही.

एखाद्या सुट्टीला मी तुला रटलंड वॉटरवर नेईन. मोठं धरण, आमच्या डोळ्यांसमोर भरलं. नेदर हॅम्बल्टन नावाचं गाव त्याच्या पोटात गेलं, आणि नॉर्मंटनचं चर्च तेवढं वाचवलं. खालचा भाग दगड-काँक्रीटनं भरून ते अर्ध्यावर उभं ठेवलंय, पाण्याच्या काठी कमरेपर्यंत बुडालेल्या माणसासारखं. मी तिथे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला चांगदेव आठवला. तापी-पूर्णेचा संगम, हतनूरचं फुगलेलं पाणी, काठावर देऊळ. पाणी कुणाला जातं? इथलं पीटरबरो-नॉर्दम्प्टनच्या नळांना. बुडतं गाव आणि नळ शहराला, हे दोन्हीकडे सारखंच. आता तिथे ऑस्प्रे नावाचे मोठे मासेमार पक्षी आफ्रिकेतून उन्हाळ्यात येतात, १९९६ पासून मुद्दाम आणून वसवलेत. लोक तासन्‌तास दुर्बिणी लावून बसतात. मी पाच मिनिटांत कंटाळते.

ओकहॅमचा किल्लाही बघ. किल्ला म्हणजे बाराव्या शतकातलं एक दालन उरलंय, आणि भिंतीवर घोड्याच्या नालाच नाला, दोनशेच्या वर. कुणी सरदार पहिल्यांदा या गावात आला की त्यानं नाल द्यायची अशी रीत. आपल्याकडे शनीसाठी उंबऱ्यावर एक ठोकतात, यांनी कारखाना उघडलाय. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेवाल्यांना हे दाखवायला हवं असं मला दर वेळी वाटतं.

खाण्याचं. ओकहॅममध्ये सुपरमार्केट आहे, तांदूळ-डाळ-हळद मिळते. बाकीला लेस्टर, आगगाडीनं अर्धा तास. तिथे बेलग्रेव्ह रोडवर सगळं आहे, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती मंडळींनी वसवलेलं. मेथी, कढीपत्ता, कच्ची केळी, दिवाळीला रोषणाई. महिन्यातून एकदा जा. दर शनिवारी जाऊ नकोस. दहा-दहा वर्षं रटलंडात राहून फक्त बेलग्रेव्ह रोड ओळखणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांचं ना इथे काही झालं ना तिथे. भरताचं विसर. इथल्या वांग्यात पाणीच पाणी, आणि कपाशीच्या काड्या कुठून आणशील? मी एकदा ओव्हनच्या ग्रिलवर भाजलं तर धुराचा भोंगा वाजला आणि अख्खी गल्ली बाहेर आली. माझ्याकडे अलॉटमेंटची जमीन आहे, गावाकडून भाड्यानं घेतलेली, अडीच गुंठे. त्यात मेथी, कांदा, मिरची काचेखाली. गावच्या प्रदर्शनात माझ्या कांद्याला एकदा तिसरं बक्षीस मिळालं. खानदेशातल्या बाईला कांद्यात तिसरं! घरी कुणाला सांगू नकोस.

आणि आखाजी, आपली अक्षय्य तृतीया. मी आले त्याच्या दोन वर्षांनी आखाजीला मला इतकं भडभडून आलं की मी अंगणातल्या सफरचंदाला साडीचा झोका बांधला. कडुनिंब नव्हता. पण नेमकी त्याच दिवसांत सफरचंदं फुलतात, पांढरी-गुलाबी. मी एकटी झोका घेत होते, फांदी करकरत होती, आणि कुंपणावरून शेजारच्या दोन मुली बघत होत्या. बोलावलं. संध्याकाळपर्यंत रांग लागली. त्या मुली आता आज्या झाल्यात. दर एप्रिल-मेमध्ये त्या विचारतात, झोका कधी? तारीख दर वर्षी का बदलते हे मी त्यांना अजून समजावू शकलेले नाही. फांदी दोनदा मोडली, आता दोर ओकच्या झाडाला असतो. पुढच्या आखाजीला तू इथे असशील, दोर तू बांध. माझे खांदे आता वर जात नाहीत.

तुझ्या बापाला सांग, दोनशे वर्षांपूर्वी आउटरम नावाचा बावीस वर्षांचा इंग्रज पोरगा याहून अनोळखी मुलखात आला होता, आपल्याच धरणगावला, भिल्लांची पलटण उभारायला. त्याच्याकडे बंदूक होती आणि मागे सरकार होतं. त्याच्या आईनं काय म्हटलं असेल कुणास ठाऊक. तुझ्याकडे थर्मामीटर आहे आणि इथे आत्या आहे. त्यापेक्षा बरं.

येताना तूप, पेढे, खवा काही आणू नकोस, दुधाचं विमानतळावर काढून घेतात. कळण्याचं पीठ दोन किलो आण, दुकानातून पाकीटबंद. दात राहिले आहेत तोवर मला कळण्याची भाकर आणि ठेचा खायचा आहे.

हीथ्रोवरून सेंट पँक्रस स्टेशनला ये. तिथून लेस्टरची गाडी. लेस्टरला उतरून पीटरबरोकडे जाणारी गाडी पकड, ती ओकहॅमला थांबते. ओकहॅमला दोनच फलाट आहेत, चुकायला जागा नाही, बाहेर लगेच रेल्वेचं फाटक लागतं. मी फाटकाजवळच्या बाकावर असेन. ती गाडी तासाला एक आहे. लेस्टरला चुकली तर धावपळ करू नकोस, चहा घे, पुढची पकड, मी थांबेन. फक्त तिकीट रविवारचं काढू नकोस, रविवारी गाड्या कमी असतात.

तुझी
आत्या